प्राण द्यावा की श्रद्धा सोडावी? साक्षीविषयी ख्रिस्ती विचार

ग्वाल्हेरच्या फूलबागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज ही चार स्थाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. संस्थानाधिपती माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ही बाग आकारास आली. निरनिराळ्या पंथांचे लोक एकाच परिसरात येतात, आपापल्या स्थानी मस्तक नमवितात व परत जातात. परंतु या भूमीच्या आठवणी इतक्या शांत नाहीत. बागेजवळच झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मधील लढाईत त्या येथे धारातीर्थी पडल्या. वर किल्ल्यावर ‘दाता बंदी छोड’ गुरुद्वारा आहे. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने त्या किल्ल्यात कैदेत ठेविले होते. त्यांचे पिता गुरू अर्जुनदेव यांचा १६०६ साली लाहोर येथे छळ होऊन अंत झाला, आणि त्यांचे पुत्र गुरू तेगबहादूर यांचा १६७५ साली दिल्लीत शिरच्छेद झाला.

अशा भूमीवर एक प्रश्न सहज उभा राहतो, आणि तो आपल्या मंडळ्यांतही नवा नाही. बाप्तिस्म्याची तयारी करणारा तरुण केव्हातरी विचारतोच: “उद्या कोणी प्राणाची भीती घालून ख्रिस्ताला नाकार म्हटले, तर मी काय करावे? आणि भीतीने नाकारले, तर माझे काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण तत्परतेने देतो; दुसऱ्याशी मात्र अडखळतो. वस्तुतः ख्रिस्तमंडळीने या दोन्ही प्रश्नांचा विचार आरंभापासून एकत्र केला आहे, व एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे आहे. प्रस्तुत लेखात तोच विचार क्रमाने मांडावयाचा आहे.

हुतात्मा आणि साक्षी

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत आपण ‘हुतात्मा’ म्हणतो. यज्ञात आहुती द्यावी त्याप्रमाणे ज्याने स्वतःला अर्पण केले, तो हुतात्मा. या शब्दाचा भर अर्पणावर, म्हणजे मरणावर आहे. देशासाठी पडलेल्यांना तो शोभतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ मुंबईत हुतात्मा चौक आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘साक्षीदार’ असा आहे. न्यायसभेपुढे उभा राहून जो पाहिले ते सांगतो, तो साक्षी. स्तेफन मारला गेला म्हणून साक्षी झाला असे नव्हे. तो साक्षी होता म्हणून मारला गेला. आपल्या जुन्या ख्रिस्ती लेखनातील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द हा अर्थ अधिक नेमकेपणाने सांगतो.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. १४ जून १८५७ रोजी ग्वाल्हेरनजीक मुरार येथे शिंद्यांच्या कंटिंजंट फौजेने उठाव केला, तेव्हा अनेक इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि त्यांत छावणीचे धर्मगुरू कूपलँड हेही होते. त्यांच्या पत्नी रूथ कूपलँड बचावल्या. त्यांनी आपली हकीकत १८५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या मरणांचे दुःख लहान नाही. पण ती माणसे इंग्रज म्हणून, परकीय सत्तेचे लोक म्हणून मारली गेली. उठाव करणाऱ्या शिपायांनाही आपला धर्म बुडविला जात आहे असे प्रामाणिकपणे वाटत होते, हे विसरून चालणार नाही. ख्रिस्ती मनुष्य मारला गेला एवढ्यावरून तो रक्तसाक्षी ठरत नाही. यातनेने नव्हे, तर ज्या कारणासाठी यातना सोसली त्या कारणाने साक्ष ठरते, असे संत ऑगस्टीन यांनी शिकविले आहे.

याच उठावात साक्षीचे खरे प्रसंगही घडले. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत बॅप्टिस्ट मिशनचे उपदेशक विलायत अली यांना इस्लाम स्वीकारण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला व ते मारले गेले. पुढील महिन्यात फत्तेपूरचे पाळक गोपीनाथ नंदी अलाहाबादेस बंडवाल्यांच्या हाती सापडले. बरोबर पत्नी व मुले होती. त्यांनाही धर्म सोडण्याविषयी दरडावण्यात आले. त्याच कैदेत चीक नावाचा जखमी, मिसरूड न फुटलेला इंग्रज सैनिक होता. त्या दोघांनी परस्परांना धीर दिला. कोणीही नाकारले नाही. काही दिवसांनी सुटका झाली. तो तरुण जखमांनी लवकरच मरण पावला, नंदी जगले व पुन्हा आपल्या सेवेस लागले. विलायत अली गेले, नंदी राहिले. साक्ष मात्र दोघांची एकच. मरण येणे वा न येणे हे साक्षीदाराच्या हाती नसते.

मरण शोधू नये

यातूनच दुसरी गोष्ट निष्पन्न होते. ख्रिस्ताला मनुष्यांसमोर नाकारू नये, ही आज्ञा स्पष्ट आहे (मत्तय १०:३२-३३). पण त्याच अध्यायात, एका नगरात छळ झाल्यास दुसऱ्या नगरास पळून जावे, असेही प्रभूने शिष्यांस सांगितले आहे (१०:२३). संत पौल दिमिष्कातून पाटीत बसून तटावरून उतरला (प्रे. कृ. ९:२५), आणि त्याला कोणी भित्रा म्हटले नाही.

दुसऱ्या शतकातील स्मर्ना येथील बिशप पॉलीकार्प यांच्या मरणाच्या वृत्तांतात क्विंटस नावाच्या मनुष्याची हकीकत आहे. तो स्वतः होऊन अधिकाऱ्यांपुढे गेला, इतरांनाही त्याने नेले. पण श्वापदे पाहताच त्याचा धीर सुटला व त्याने मूर्तीपुढे आहुती दिली. स्वतःहून पुढे होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करीत नाही, असे वृत्तांतकार स्पष्टच म्हणतो. स्वतः पॉलीकार्प प्रथम शेतवाडीवर निघून गेले होते. पकडले गेल्यावर मात्र ढळले नाहीत. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये भरलेल्या एल्व्हिराच्या धर्मसभेने असाही नियम केला की, दुसऱ्यांच्या मूर्ती फोडताना जो मारला जाईल त्याची गणना रक्तसाक्ष्यांत करू नये. चिथावणी देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे.

निघून जाण्याचा मार्ग केवळ ख्रिस्ती लोकांनीच धरला असे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देवळे पाडली, तेव्हा अनेक हिंदू कुटुंबांनी मरणही पत्करले नाही व धर्मही सोडला नाही. आपले देव घेऊन ती पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला तो असा. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले, त्यापूर्वी तेथील देवळे पाडली गेली होती. आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून पोर्तुगिजांनी ठार केले. गोव्याचे धर्मन्यायालय १५६० साली सुरू झाले व १८१२ साली कायमचे बंद झाले. हा इतिहास आपण शिकविलाच पाहिजे. ‘प्राण की श्रद्धा’ हा प्रश्न आपल्याला विचारला गेला आहे, तसा ख्रिस्ती सत्तेने तो इतरांनाही विचारला आहे. ज्याने स्वतःच्या विवेकाचे स्वातंत्र्य मागावे, त्याने दुसऱ्याच्या विवेकावर हात टाकता कामा नये.

ठाणे आणि वसई

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साक्षीची परंपरा जुनी आहे. एप्रिल १३२१ मध्ये ठाणे येथे टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर हे फ्रान्सिस्कन आणि त्यांचे सहकारी तिफ्लीसचे डेमेट्रियस यांना मरण आले. ते चीन देशास निघाले होते. वाटेत ठाण्यातील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांकडे उतरले होते. एका घरगुती तंट्यात साक्ष देण्यासाठी त्यांना काजीपुढे जावे लागले, तेथे बोलणे धर्मावर आले, आणि जे खरे मानीत होते ते सांगितल्याने त्यांचे प्राण गेले. ते मरण शोधीत ठाण्यास आले नव्हते.

वसईचे गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र प्रत्येक धर्मशिक्षकाला ठाऊक असते. पिता पोर्तुगीज, माता येथली. तरुणपणी ते जेजुइटांबरोबर जपानात गेले, पुढे व्यापार केला, आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्याने १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रूसावर खिळण्यात आले. १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. आपण त्यांचा सण पाळतो; पण त्यांच्या जपानात पुढे काय घडले, हे क्वचितच सांगतो.

जे ढळले त्यांचे काय?

सतराव्या शतकात जपानी सरकारने निराळी युक्ती काढली. प्रभू येशूची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यावयास लावीत. पाय न देणाऱ्याला शिक्षा. पुष्कळांनी शिक्षा पत्करली. पुष्कळांनी पाय दिला. पाय देणाऱ्यांपैकी कित्येक घरी जाऊन, दारे लावून, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, आणि मुलांना बाप्तिस्मा देत. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, अशा स्थितीत दोनशेहून अधिक वर्षे गेली. मार्च १८६५ मध्ये नागासाकीतील ओउरा येथे नव्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही लोक फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्यापाशी आले व त्यांनी आपली श्रद्धा प्रकट केली. ते चर्च नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नावाने अर्पिलेले होते; म्हणजे वसईच्या गोन्सालोंच्याही नावाने. जे मेले त्यांच्या नावाच्या मंदिरात, ज्यांच्या पूर्वजांनी वर्षानुवर्षे प्रतिमेवर पाय दिला होता, ते घरी परतले. छळ अजून संपला नव्हता. पुढील काही वर्षांत उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली, आणि १८७३ साली बंदी उठली.

पाय देणे योग्य होते, असा याचा अर्थ नव्हे. तसे असते तर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणाले नसते. पाप होते म्हणूनच प्रार्थना होती. आणि प्रार्थना होती म्हणूनच श्रद्धा टिकली.

आद्य मंडळीने हाच प्रश्न कार्थेज येथे सोडविला. २५० साली सम्राट डेसियसच्या आज्ञेने प्रत्येकाने देवतांना आहुती देऊन तसे प्रमाणपत्र घ्यावे, असे ठरले. काहींनी प्राण दिला, काहींनी आहुती दिली, काहींनी आहुती न देता पैसे भरून नुसते प्रमाणपत्र मिळविले. बिशप सिप्रियन स्वतः अज्ञातवासात गेले, व त्याबद्दल त्यांना बोल सोसावे लागले. परत आल्यावर २५१ च्या धर्मसभेत त्यांनी सरसकट निर्णय दिला नाही. नुसते प्रमाणपत्र घेणाऱ्यांना प्रत्येकाची चौकशी करून परत घ्यावे, आहुती देणाऱ्यांना दीर्घ प्रायश्चित्त द्यावे, असे ठरले. आणि नव्या छळाची चिन्हे दिसू लागताच प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना आत घेण्यात आले, कारण लढाईला जाणाऱ्याला उपाशी पाठविता येत नाही. रोममध्ये नोव्हेशियनने मात्र ढळलेल्यांना कधीच घेऊ नये असा हट्ट धरला, व तो मंडळीबाहेर पडला. २५८ साली सिप्रियन यांनी स्वतः शिरच्छेद पत्करला. ढळलेल्यांसाठी दार उघडणारा हात दुबळा नव्हता.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्यास दूर जावयास नको. नेताजी पालकर मोगलांच्या कैदेत पडले, १६६७ साली मुहम्मद कुलीखान झाले. १६७६ साली परतले, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्यांना शुद्ध करून स्वधर्मात घेतले. ज्या समाजात गेलेल्याला दार बंद होते, तेथे महाराजांनी ते उघडले. मग ज्याने पेत्राला तीन नकारांनंतर तीनदा विचारून पुन्हा मेंढरे सोपविली (योहान २१), त्या प्रभूच्या मंडळीने दार लावून कसे बसावे?

आजचे प्रमाणपत्र

आज आपल्या बहुतेक मंडळ्यांपुढे तलवार नाही, कागद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. त्यामुळे कित्येक घरांत उपासना ख्रिस्ती व दाखला हिंदू अशी स्थिती आहे. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती आचार पाळणाऱ्याने केवळ सवलतीसाठी स्वतःला हिंदू म्हणविणे ही संविधानाशी प्रतारणा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. गावात वाळीत टाकले जाण्याच्या भीतीने ‘आम्ही ख्रिस्ती नाही’ असे लिहून देणारेही असतात.

अशा वेळी कार्थेजचा विवेक उपयोगी पडेल. तरुणांना मरणाची शूर गाणी शिकविण्याआधी खरे बोलण्याची सवय लावावी. जो दाखल्यावर खरे लिहू शकत नाही, त्याला काजीपुढे खरे बोलणे सोपे जाणार नाही. धोक्यात असलेल्या कुटुंबाला दुसऱ्या गावी आसरा मिळवून देणे हेही मंडळीचे कर्तव्य आहे. निघून जाणाऱ्याला हिणवू नये. अन्याय्य नियम बदलण्यासाठी उघडपणे व सनदशीर मार्गाने झटावे, आणि त्याचा भार गरिबाच्या मुलावर एकट्यावर टाकू नये. ज्याची शिष्यवृत्ती जाणार, त्याच्या शिक्षणाचा खर्च मंडळीने उचलावा, मगच त्याला खरे लिहावयास सांगावे. आणि जो ढळला आहे, त्याची चौकशी चारचौघांत नव्हे, त्याच्या घरी जाऊन करावी. काय लिहून दिले, कोणाच्या भीतीने, घरात आता प्रार्थना होते की नाही, हे विचारावे. प्रायश्चित्त द्यावे, पण त्याला मुदत असावी व शेवटी प्रभुभोजन असावे.

तेव्हा त्या तरुणाला आपण एवढे सांगावे: “नाकारू नकोस. मरण शोधू नकोस. जाता आले तर जा. आणि तुझा पाय घसरला, तर आमच्याकडे परत ये. आम्ही तुझी वाट पाहत असू.” यांपैकी शेवटचे वाक्य खरे ठरविणे आपल्या हाती आहे.