उन्हाच्या मुलखातली कोरडी बाग

ताओ आणि झेन विचारांतून घडलेल्या सजावटीत आधी मोकळी जागा ठरते, वस्तू मागाहून येतात. खोली उपयोगी पडते ती भिंतींमधल्या पोकळीमुळे, हा विचार लाओत्झूच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात आहे. ध्यानावर भर देणारी बौद्ध परंपरा भारतातून चीनमध्ये गेली, तिथल्या ताओ विचारात मुरली आणि बाराव्या-तेराव्या शतकांत जपानमध्ये झेन म्हणून रुजली. मठांची अंगणे, शाईची चित्रे, चहाच्या खोल्या यांतून तिची दृष्टी आकाराला आली: वस्तू मोजक्या, लाकूड बिनरंगाचे, पोत ओबडधोबड, उजेड मंद आणि वापराने आलेले जुनेपण न लपवलेले.

क्योतोच्या र्योआनजी मंदिरातील कोरडी बाग हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. सुमारे अडीचशे चौरस मीटरच्या आयतात पांढरी खडी आणि 15 धोंडे. हिरवेपण धोंड्यांच्या पायथ्याशी धरलेल्या शेवाळापुरते. ओसरीवर कुठेही बसले तरी एखादा धोंडा दुसऱ्याआड लपतोच. चहाच्या खोलीला शिस्त लावली ती सेन नो रिक्यू (1522–1591) याने. त्याच्या नावावर असलेली ‘ताइआन’ ही खोली अवघ्या दोन चटयांची आहे. तिचे दार इतके बुटके, की मोठ्या सरदारालाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर आत सरकावे लागे.

महाराष्ट्रात जपानी बाग म्हटले की पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आठवते. दहा एकरांचे हे उद्यान ओकायामा शहरातील कोराकुएनवरून बेतलेले आहे. त्याला सर्रास झेन बाग म्हटले जाते, ते मात्र फारसे बरोबर नाही. कोराकुएन ही सरदाराच्या विहाराची बाग. इकेदा त्सुनामासाने ती करवून घेतली आणि 1700 मध्ये ती पूर्ण झाली. हिरवळ, तळी, पूल, वळणवाटा असा तिचा थाट. एवढे पाणी आणि एवढी हिरवळ परभणीसारख्या जिल्ह्यात कोणी जोपासायची? उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाणी राखून वापरावे लागते. कोरड्या बागेला मात्र हा मुलूख अडचणीचा नाही.

घराच्या आतली निम्मी तयारी तर इथे पूर्वीच झालेली होती. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे खणांवर मोजली जात, तशा जपानी खोल्या चटयांवर. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर मातीचे सपाट छत आणि त्यातल्या साण्यातून उतरणारा उजेडाचा एकच पट्टा. जपानी बैठकीत एक चित्र आणि एक फूल ठेवायला खास कोपरा असतो; इकडे कोनाडा होता, एका दिव्यापुरता. हे साम्य तत्त्वज्ञानातून आलेले नाही. उन्हापासून बचाव, हाताशी असलेली माती आणि बेताची ऐपत यांतून ते आले. वाड्याच्या दिंडी दरवाजातूनही वाकूनच आत यावे लागे, पण तिथे कारण बंदोबस्ताचे होते. माळवद पाडून स्लॅब टाकायचा आणि मग त्या खोलीत ‘झेन कोपरा’ विकत आणून मांडायचा, ही हल्लीची गंमत.

अंगणात कोरडी बाग करताना खरा प्रश्न जमिनीचा येतो. परभणीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट मांडलेले धोंडे एक-दोन पावसाळ्यांत कलतात, खडी भेगांत जाते. म्हणून वरचा थर काढून तिथे मुरूम भरावा लागतो, पाणी मारून धुम्मसाने ठोकावा लागतो आणि पाणी वाहून जाईल असा किंचित उतार ठेवावा लागतो. त्यावर बारीक खडी. खडी क्रशरवरची चालते, पण भुकटी चाळून काढलेली हवी, नाहीतर ती ओली होऊन घट्ट बसते. नदीची बारीक वाळू वाऱ्याने हलते, तिच्यावर रेघा टिकत नाहीत. संगमरवराचा पांढराशुभ्र चुरा भर दुपारी डोळ्यांना सोसत नाही; इथल्या काळ्या पाषाणाची करडी खडी त्यापेक्षा बरी. ती तापते हे खरे, म्हणून बाग घराच्या सावलीच्या बाजूला घ्यावी.

धोंडे शेताच्या बांधावरचे, ऊनपाऊस खाल्लेले असावेत. त्यांचा बराच भाग जमिनीत पुरतात, म्हणजे ते आणून ठेवल्यासारखे न दिसता वर आल्यासारखे दिसतात. संख्या विषम, अंतरे असमान. खडीवर लाटांसारख्या रेघा ओढायला वेगळे अवजार नको, शेतातले दाताळे पुरते.

शेवाळाचा नाद सोडलेला बरा. जपानी बागांतल्या पाइनच्या जागी इथे पांढरा चाफा शोभतो: जाड खोडात पाणी साठवतो, हिवाळ्यात पाने गाळतो आणि मग त्याच्या वाकड्या फांद्यांचीच नक्षी उरते.

बुद्धमूर्तीबद्दल मात्र जपून वागावे. बाजारातल्या ‘झेन’ सामानात बुद्धाचे नुसते शिर सर्रास विकले जाते आणि ते चपलांच्या स्टँडवर किंवा न्हाणीघरातही ठेवले जाते. मराठवाड्यातील असंख्य बौद्ध घरांत ती मूर्ती वंदनेची आहे. तिचा असा शोभेपुरता वापर मन दुखावतो. र्योआनजीच्या त्या बागेतही मूर्ती नाही.

कोरडी म्हणून ही बाग बिनकष्टाची नसते. पावसाळ्यात हराळी आणि लव्हाळा खडीतून डोके काढतात, गाजरगवताचे बी वाऱ्याने येऊन पडते. फुलावर येण्याआधीच ते उपटावे लागते, तेही हातमोजे घालून, कारण त्याने अंगाला खाज सुटते. पाऊस सरला की वाहून आलेला गाळ काढून खडी चाळायची, खचलेल्या जागी मुरूम भरायचा आणि दाताळ्याने रेघा नव्याने ओढायच्या.