आत काय आहे, ते आधी कळू दे

तळोजा औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे. तिथल्या वजनकाट्यावर ट्रक उभा राहिला की आधी कागद तपासतात. २०१६च्या नियमांप्रमाणे प्रत्येक खेपेसोबत मेनिफेस्ट लागतो. त्याच्या सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो, गुलाबी केंद्राच्या दप्तरी राहते, निळी माल पोचल्याची खूण म्हणून कारखान्याकडे परतते. वाटेत माल गायब झाला, तर कुठे झाला ते शोधता यावं, म्हणून हा खटाटोप.

कागद जुळले म्हणून ट्रक लगेच आत जात नाही. तोंडाला रेस्पिरेटर, हातात जाड मोजे आणि डोळ्यांना गॉगल लावून केमिस्ट शिडीवरून वर चढतात. मी पाहिलं त्या दिवशी गोण्यांत ईटीपीचा, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा, गाळ होता. पोकळ नळी गोणीच्या तळापर्यंत खुपसून त्यांनी नमुना काढला. वरचा थर वाळून भेगाळलेला होता, तळचा गाळ ओला आणि चिकट. नुसता वरचा चमचाभर घेतला असता तर निष्कर्ष चुकला असता.

कारखाना पहिल्यांदा माल पाठवायला लागतो तेव्हा त्या मालाची सविस्तर तपासणी होते. पुढे येणारी प्रत्येक खेप त्या अहवालाशी ताडून पाहायची, ही ‘फिंगरप्रिंट’ चाचणी. रंग, अवस्था, पीएच, पाण्याशी प्रतिक्रिया, सायनाइड, सल्फाइड. सल्फाइडची चाचणी फ्यूम हूडमध्ये होते. चिमूटभर नमुन्यावर आम्लाचे थेंब टाकायचे आणि वर लेड अॅसिटेटचा ओला कागद धरायचा. कागद काळा पडला तर हायड्रोजन सल्फाइड सुटतोय. इथला कागद पांढराच राहिला.

मग पेंट फिल्टर चाचणी, गाळातून पाणी सुटतं का ते पाहायला. शंभर ग्रॅम गाळ बारीक जाळीच्या शंकूत ठेवून पाच मिनिटं थांबायचं. तिसऱ्या मिनिटाला टोकाशी थेंब जमला, फुगला आणि खालच्या काचपात्रात पडला. “हा माल असा लँडफिलला जाणार नाही,” केमिस्ट म्हणाले आणि त्यांनी नोंद केली. एका थेंबासाठी एवढा कडकपणा का? कारण भरावात गेलेलं पाणी धातू विरघळवत खाली झिरपतं. त्यामुळे या गाळात आता चुना, फ्लाय अॅश, सिमेंट मिसळून तो घट्ट करायचा, पुन्हा तपासायचा आणि मगच पुरायचा.

तपासणीचा हा टप्पा चुकवला की काय होतं, ते सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२२मध्ये दिसलं. टँकरमधून नाल्यात चोरून रसायन सोडताना विषारी वायू सुटला आणि आसपासच्या सहा कामगारांचा जीव गेला. ते रसायन तळोज्याच्याच एका कारखान्यातून निघालं होतं, असं तपासात पुढे आलं. ते होतं सोडियम हायड्रोसल्फाइड. त्याला आम्ल भेटलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. प्रयोगशाळेत चिमटीएवढ्या नमुन्यावर जे सावधपणे करून पाहतात, ते तिथे माणसांच्या वस्तीत टँकरभर घडलं.

जो माल पुरता येत नाही आणि जळतो, तो इन्सिनरेटरकडे जातो. दुसऱ्या कक्षात सुमारे ११०० अंश तापमानाला सेंद्रिय विषं मोडतात. शिसं, क्रोमियम मात्र आगीने नष्ट होत नाहीत. त्यातलं बरंचसं राखेत उरतं आणि ती राख पुन्हा लँडफिलच्या वाटेला येते. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५मध्ये पीथमपूरला नेला आणि त्याच वर्षी जूनअखेर जाळून संपवला. तिथल्या वायुदुर्घटनेला तोवर चाळीस वर्षं उलटली होती. तरीही राख उरलीच.

लँडफिलच्या तळाशी मातीचे दाबलेले थर आणि दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची चादर असते. वर जमणारं लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपलेलं दूषित पाणी, उपसून त्यावर प्रक्रिया करतात. खड्डा भरून बंद केल्यावरही तीस वर्षं भोवतालच्या भूजलावर लक्ष ठेवावं लागतं. या सगळ्याला पैसे लागतात आणि ते वाचवण्यासाठीच टँकर रात्री नाल्याकडे वळतात. वाचलेल्या पैशांची किंमत मात्र नाल्याकाठी झोपलेला कामगार मोजतो.

म्हणून मला वाटतं, या व्यवस्थेत सर्वांत जपायला हवी ती मालाची ओळख. ड्रमवर लेबल असणं, ते वाचता येणं, आणि तो ड्रम उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्याचा अर्थ त्याच्या भाषेत सांगितलेला असणं. आत काय आहे ते सांगता येत नसेल, तर ड्रम उघडायला नकार देण्याचा त्याचा हक्क प्रत्येक कारखान्याने लेखी मान्य केला पाहिजे. आणि तसा नकार दिला म्हणून कुणाचा रोजगार जाता कामा नये.