विशीच्या आत

वऱ्हाडातील उन्हाळा लांब, म्हणून आमच्याकडील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. शाळा उघडली, की पहिले आठ दिवस नव्या मुलांची नावे घालण्यात जातात. आता पालक येताना जन्माचा दाखला घेऊनच येतात आणि गुरुजी त्यावरील तारीख नोंदवहीत उतरून घेतात. चाळीस वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांत हे काम इतके सोपे नव्हते. मुलगा केव्हाचा, असे विचारले म्हणजे उत्तर येई, “पुराच्या सालचा,” किंवा “पऱ्हाटीचं निंदन चालू होतं तवाचा.” गुरुजी मग अंदाजाने वर्ष ठरवीत आणि तारीख १ जुलै लिहून मोकळे होत. आमच्या पिढीतील कितीतरी वऱ्हाडी माणसांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो! मूल शाळेत घालण्याजोगे झाले की नाही, हे ओळखण्याचीही एक युक्ती होती. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की मूल सहा वर्षांचे झाले असे समजत.

ही गोष्ट ऐकून तुम्हांला हसू येईल. परंतु ज्या फुटबॉल स्पर्धेविषयी येथे सांगावयाचे आहे, तिच्यात जन्मतारखेचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. एका तारखेपायी एक अख्खा देश दोन वर्षे मैदानाबाहेर बसलेला आहे.

फुटबॉलची जागतिक स्पर्धा दर चार वर्षांनी भरते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. तिच्याखेरीज तरुणांसाठी एक निराळी जागतिक स्पर्धा आहे. वीस वर्षांखालील खेळाडूंचे राष्ट्रीय संघ तिच्यात भाग घेतात आणि ती सामान्यतः दर दोन वर्षांनी भरते. पहिली स्पर्धा १९७७ साली आफ्रिकेतील ट्युनिशिया या देशात झाली. त्या वेळी १६ संघ होते आणि सोव्हिएत संघाने ती जिंकली. १९९७ पासून संघांची संख्या २४ झाली. २०२१ ची स्पर्धा कोरोनाच्या साथीमुळे भरलीच नाही. २०२५ साली ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात झाली. आधी सहा वेळा अजिंक्य ठरलेल्या अर्जेंटिनाला अंतिम सामन्यात मोरोक्कोने दोन गोलांनी हरविले. मोरोक्कोचे हे पहिलेच जगज्जेतेपद होय.

आता ‘वीस वर्षांखालील’ म्हणजे नेमके कोण? सामन्याच्या दिवशी ज्याला विसावे वर्ष लागलेले नाही तो, असे तुम्ही म्हणाल. पण नियम तसा नाही. स्पर्धेच्या वर्षातून वीस वजा करावयाचे, आणि येणाऱ्या वर्षाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच खेळू द्यावयाचे, असा तो नियम आहे. चिलीच्या स्पर्धेसाठी ही तारीख १ जानेवारी २००५ होती. ३१ डिसेंबर २००४ रोजी रात्री जन्मलेला मुलगा कितीही चांगला खेळत असला, तरी त्याला ते दार बंद. तो काही तासांनी उशिरा जन्मता, तर आत आला असता.

कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे खरे. परंतु रेघेच्या आत असलेले सगळे सारखे असतात असेही नाही. शेतकऱ्याच्या मुलांना हे चटकन समजेल. एका शेतात मृगाच्या पावसावर पेरणी झाली आणि शेजारच्या शेतात पुनर्वसूत. दोन्ही पिके एकाच दिवशी मोजू गेले, तर मृगाचे पीक उंच भरणारच. त्यावरून पुनर्वसूचे बियाणे हलके होते, असे कोणी म्हणेल काय? जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा नियमाप्रमाणे एकाच गटात येतात, पण दोघांत अकरा महिन्यांचे अंतर असते. लहान वयात एवढ्या अंतराने उंची आणि जोर यांत बराच फरक पडतो. मार्गदर्शक दांडग्या मुलाला निवडतात, त्याला अधिक सराव मिळतो, आणि मागाहून तोच अधिक गुणी ठरतो. अनेक देशांतील तरुण संघांच्या याद्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा मोठा आढळला. निवड करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे. पण ते फारसे कोणी ठेवीत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मग अशी वेगळी स्पर्धा हवी तरी कशाला? अठरा वर्षांच्या तरुणाजवळ चापल्य असते, पण अट्ठावीस वर्षांच्या खेळाडूच्या खांद्याला खांदा देऊन उभे राहण्याइतके शरीर पुष्कळदा भरलेले नसते. त्याला बरोबरीच्यांशी झुंजण्याची संधी मिळाली, म्हणजे त्याचे गुण दिसून येतात. दिएगो मॅराडोना याचेच उदाहरण घ्या. १९७८ ची जागतिक स्पर्धा त्याच्याच देशात, अर्जेंटिनात, भरली होती. पण सतरा वर्षांचा म्हणून त्याला अखेरच्या निवडीत वगळण्यात आले. दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये तरुणांची स्पर्धा झाली. मॅराडोना संघनायक होता. अर्जेंटिनाने अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ३-१ असे हरविले आणि ज्याला वर्षापूर्वी घरी बसविले होते, तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे २००५ साली नेदरलँड्समध्ये लिओनेल मेस्सी याच स्पर्धेतून जगापुढे आला. स्पर्धा चालू असतानाच त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली, आणि अंतिम सामन्यातील अर्जेंटिनाचे दोन्ही गोल त्याने केले.

जेथे एवढे मोठे फळ असते, तेथे मोहही असतो. १९८८ साली ग्वाटेमालात उत्तर व मध्य अमेरिकेतील तरुण संघांची पात्रता स्पर्धा झाली. मेक्सिकोचा संघ तिच्यातून पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरला. पण त्या संघातील काही खेळाडूंचे वय मर्यादेहून अधिक होते. कागदोपत्री त्यांच्या जन्मतारखा पुढे सरकविल्या होत्या. गंमत अशी, की त्यांच्या खऱ्या तारखा मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघाने स्वतःच छापलेल्या वार्षिकात होत्या! एका पत्रकाराने दोन्ही ठिकाणचे आकडे ताडून पाहिले आणि बिंग फुटले. जागतिक फुटबॉल महासंघाने दिलेली शिक्षा कडक होती. केवळ तरुण संघाला नव्हे, तर मेक्सिकोच्या प्रत्येक राष्ट्रीय संघाला दोन वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी झाली. १९८८ चे सेऊल ऑलिंपिक गेले, १९९० ची इटलीतील जागतिक स्पर्धाही गेली. त्या काळी मेक्सिकोचा ह्यूगो सांचेझ हा स्पेनमधील रेआल माद्रिद संघाकडून खेळत असे. १९८९-९० च्या हंगामात त्याने तेथील साखळी सामन्यांत ३८ गोल केले. या खोट्या तारखांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरी इटलीतील स्पर्धा त्याला दुरूनच पाहावी लागली. नायजेरियालाही अशाच कारणावरून शिक्षा झाली, आणि १९९१ ची तरुणांची जागतिक स्पर्धा तेथे व्हावयाची ती पोर्तुगालला गेली.

खरे वय शरीरावरून ओळखता येणार नाही काय? काही अंशी येते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक चकती असते आणि तेथेच हाडाची लांबी वाढते. वाढ संपत आली, की ही कूर्चा हाडात मिसळून जाते. मनगटाजवळचे हाड सतराव्या वर्षाच्या आत पुरते सांधले गेल्याचे फारच क्वचित आढळते. म्हणून २००९ पासून सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेत मनगटाचे चुंबकीय चित्र घेऊन तपासणी होऊ लागली. तिला क्ष-किरण लागत नाहीत, त्यामुळे मुलांना अपाय नाही. पण विशीच्या रेघेपाशी ही युक्ती लंगडी पडते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पुष्कळ तरुणांचे ते हाड सांधलेलेच असते, मग एकोणीस कोणता आणि एकवीस कोणता, हे चित्र काय सांगणार? तेथे पुन्हा कागदाकडेच यावे लागते. आणि त्या कागदाच्या मुळाशी कोठल्यातरी गावची जन्मनोंद किंवा शाळेची वही असते.

या जागतिक स्पर्धेत भारताचा संघ अजून पोहोचलेला नाही. आशियातून चारच संघांना तिचे दार उघडते. तरी आपली पाटी कोरी आहे असे मात्र समजू नका. १९७४ साली बँकॉक येथे आशियाई युवक स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात शब्बीर अली याच्या नेतृत्वाखाली भारताने इराणशी २-२ अशी बरोबरी केली आणि दोन्ही देश संयुक्त विजेते ठरले. तरुणांची जागतिक स्पर्धा त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाली. ती आधी सुरू झाली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरी हकीकत अलीकडची आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये भारताचा वीस वर्षांखालील संघ स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी गेला होता. पहिल्या तीन सामन्यांत दोन पराभव आणि एक बरोबरी पदरी पडली, एकही गोल झाला नाही. चौथा सामना अर्जेंटिनाशी होता. त्यांचे मार्गदर्शक होते लिओनेल स्कालोनी. चार वर्षांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अर्जेंटिनाचा मुख्य संघ जगज्जेता झाला. चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरी याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. उत्तरार्धात पंचांनी आपल्या एका खेळाडूला तांबडे पत्र दाखवून बाहेर काढले. तो कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दहाजण उरले, तरी अन्वर अली याने मोकळ्या फटक्यावर दुसरा गोल केला आणि भारताने तो सामना २-१ असा जिंकला. अनिकेत २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेतही खेळला होता. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला. व्हॅलेन्सियातील तो विजय त्याला बाहेरून पाहावा लागला, एवढेच.

आमच्या वऱ्हाडातील मुलाला तेथवर जावयाचे, तर वाट शाळेतूनच निघते. तालुक्याचे सामने, मग जिल्ह्याचे अकोल्याला, विभागाचे अमरावतीला आणि त्यापुढे राज्याचे. अमरावतीच्या मातीला खेळाचे वेड जुने आहे. तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. फुटबॉलचे सामने मात्र पावसाळ्यात येतात. मैदानाची काळी माती पायाला अशी चिकटते, की चार पावले धावल्यावर प्रत्येक पाय शेराने जड होतो. त्या चिखलात जो खेळतो, त्याला हिरवळीवर खेळणे अवघड जाऊ नये!

अशाच चिखलात खेळणारा एक डावखोऱ्या पायाचा मुलगा मला आठवतो. नोकरीच्या आरंभी मी एका खेड्यातील शाळेत होतो. तेथे पहिलीपासून दहावीपर्यंत वर्ग होते. एके वर्षी आपल्या काकाचे बोट धरून हा मुलगा आला. अंगाने थोराड होता, कान सहज धरता आला. काकाला तारीख सांगता येईना. मी वहीत १ जुलै लिहिले आणि मुलाच्या उंचीकडे पाहून वर्ष मागचे टाकले. दहा वर्षांनी तो नववीत असताना आमच्या शाळेचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांसाठी निवडला गेला, आणि याद्या भरताना ध्यानात आले, की माझ्या वहीप्रमाणे तो वयोमर्यादेच्या बाहेर जातो.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, “तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचा हाय तो, गुर्जी. लेकरं लाकडाचे बैल घिऊन दारी आली होती, तवा झाला. त्याच साली माह्या दिराचं लगन झालं.” दिराच्या लग्नाचे साल पक्के होते. हिशेब केला, तेव्हा वहीतली तारीख वर्षाहूनही अधिक मागे पडलेली निघाली. गावची मंडळी म्हणाली, “एक आकडा तं बदलवायचा हाय, गुर्जी!” तारीख खोटी होती आणि ती मीच लिहिली होती. पण ती खोटी आहे असे सांगणारा कागद माझ्या हाती नव्हता, आणि नोंदवहीतील जन्मतारीख वरिष्ठांच्या आदेशावाचून खोडण्याचा अधिकार कोणाही शिक्षकाला नसतो. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत आईने सांगितलेलीच तारीख मिळाली. तिची नक्कल जोडून मी अर्ज पाठविला. सामने श्रावणात होते. अकोल्याला तो आमच्याबरोबर आला आणि गोलाच्या मागे उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देत राहिला.

आदेश दिवाळीनंतर आला. जुन्या तारखेवर मी तांबड्या शाईने एक रेघ मारली, वर नवी तारीख अंकी व अक्षरी लिहिली, आदेशाचा क्रमांक टाकून सही केली आणि त्याला बोलावून ते पान दाखविले. तो कपाशीच्या वेचणीवरून तसाच आला होता. त्याने तारीख दोनदा वाचली आणि विचारले, “मंग आता फुडच्या सालच्या सामन्यात मी खेळू शकतो का, गुर्जी?”

मी बोटांवर वर्षे मोजली. खऱ्या तारखेप्रमाणेही पुढच्या वर्षी तो मर्यादेच्या बाहेर जात होता. आत होता, तो त्याच वर्षी.