ट्रॅक्टरचा क्लच : मोकळी चाल व तिची दुरुस्ती

ऐन पेरणींत ट्रॅक्टरचा क्लच बिघडला, कीं बहुतेक मालक तत्काळ मिस्त्रीस बोलावितात. ट्रॅक्टर मधोमध उकलला जातो आणि वाफसा हातचा निघून जातो. वास्तविक पुष्कळ वेळां दोष क्लचच्या पोटांत नसून पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या दांड्यांत व सांध्यांत असतो. तो कसा ओळखावा, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. पेडल दाबलें म्हणजे दांडा सरकतो. दांडा आंतील फाटा फिरवितो. फाटा बेअरिंग पुढें सारतो व तें क्लचच्या बोटांवर दाब देऊन प्लेट मोकळी करतें. बेअरिंग बोटांस टेकण्यापूर्वीं पेडल जितकें हलकेंच खालीं जातें, तितकी त्याची मोकळी चाल होय. मिस्त्री तिला ‘प्ले’ म्हणतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती २० ते ४० मिलिमीटर असते. तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंतील आंकडाच प्रमाण मानावा.

ही चाल नाहींशी झाली, तर बेअरिंग बोटांवर सदैव टेकून राहतें व प्लेट घट्ट धरली जात नाहीं. मग नांगर जमिनींत जातांच इंजिनाचा आवाज वाढतो, पण चाकें वेग घेत नाहींत. जळका वास येतो आणि प्लेट थोड्या दिवसांत निकामी होते. उलट चाल फार वाढली, तर पेडल तळाशीं गेलें तरी क्लच पुरता सुटत नाहीं. गिअर टाकतांना खरखर होते व ट्रॅक्टर आपोआप पुढें सरकूं पाहतो. अवजार जोडावयास मागें माणूस उभा असतां असें झालें, तर जिवावरचा प्रसंग ओढवतो.

आतां एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. प्लेट झिजली म्हणजे मोकळी चाल कमी होते. सांध्यांतील पिना व त्यांचीं भोकें झिजलीं म्हणजे ती वाढलेली दिसते. दोन्ही झिजा एकत्र असल्या, तर पट्टीवर माप बरोबर भरतें आणि बिघाड मात्र तसाच राहतो. म्हणून मापापूर्वीं प्रत्येक सांधा हातानें हलवून पाहावा. ढिल्या पिना बदलाव्या, पेडल मागें ओढणारी स्प्रिंग शाबूत आहे कीं नाहीं तें पाहावें, मगच माप घ्यावें.

माप घेण्यासाठीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून इंजिन बंद करावें, गिअर मोकळा ठेवावा व चाकांस दगड लावावे. पेडलाशेजारीं पट्टी धरून तें हातानें दाबावें. जेथें जोर लागूं लागतो, तेथपर्यंतचें अंतर मोजावें. तें चुकीचें असल्यास दांड्यावरील लॉकनट सैल करावा, टोकाची पिन काढावी आणि आट्यांवर बसविलेला दुबेळक्यासारखा तुकडा एक फेरा फिरवून पुन्हां मोजावें. कोणत्या बाजूनें फिरविल्यास चाल वाढते, हें प्रत्येक ट्रॅक्टरांत निराळें असतें. तें मापावरूनच कळतें. शेवटीं लॉकनट आवळून स्प्लिट पिन नवी घालावी. माप तारखेसह वहींत लिहून ठेवल्यास प्लेट किती वेगानें झिजत आहे, तें पुढील नोंदींवरून उमजतें.

सांधे घट्ट, माप बरोबर, तरीही क्लच घसरत असेल, तर प्लेट झिजली आहे, तिच्यावर तेल आलें आहे, किंवा स्प्रिंगा मऊ पडल्या आहेत असें समजावें. तेथें दांडा फिरवीत बसणें व्यर्थ होय. ट्रॅक्टर उकललाच पाहिजे. दुहेरी क्लचांतील आंतील बोटांची जुळणी, तसेंच तेलाच्या दाबानें चालणारा क्लच, हीं कामें जाणत्या मिस्त्रीकडेच सोंपवावीं.

सरतेशेवटीं दोन सूचना. चालतांना पेडलावर पाय टेकवून ठेवूं नये. त्या भारानें नीट राखलेली मोकळी चालही व्यर्थ जाते. तसेंच पावसाळ्यांत ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल, तर पेडल दाबून लांकडाची पाचर लावावी, म्हणजे प्लेट गंजून चिकटत नाहीं. नवी प्लेट बसविण्याचा खर्च व बुडालेला हंगाम यांपुढें एवढी काळजी कांहींच नव्हे.