प्रभार येतो कुठून आणि जातो कुठे?

हिवाळ्यात टोकियोत दाराच्या धातूच्या मुठीला हात लावला की बोटाला झटका बसतो. वायव्येचे वारे जपान समुद्राकडच्या डोंगरांवर बर्फ टाकून, कोरडे होऊन इकडे उतरतात, त्यामुळे हा तिथला नेहमीचा अनुभव. वस्तूवर विद्युतप्रभार साठण्याला जपानी पदार्थविज्ञानात ‘ताइदेन’ म्हणतात.

घासल्याने वीज तयार होते, हा याबाबतचा सर्वांत पक्का गैरसमज. नवा प्रभार कुठेच निर्माण होत नाही. दोन पदार्थ टेकले की प्रभार, बहुधा इलेक्ट्रॉनच्या रूपात, एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो. ते अलग झाले की एक ऋण आणि दुसरा तितकाच धन उरतो. घासल्याने पृष्ठभाग अधिक ठिकाणी भिडतात, इतकंच. म्हणून तर चिकटपट्टी नुसती ओढून काढली तरी प्रभारित होते. नळीतून वाहणारं पेट्रोलसुद्धा होतं! जपानी अभियंते पहिल्याला ‘हाकुरि-ताइदेन’ आणि दुसऱ्याला ‘र्‍यूदो-ताइदेन’ म्हणतात. १७७६ साली संशोधक हिरागा गेन्नाइ यांनी एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, दुरुस्त करून चालू केलेलं ‘एरेकितेरु’ हे यंत्र मात्र घर्षणाचंच: दांडा फिरवला की आतली काच घासली जाई आणि ठिणगी उडे.

धातू प्रभारित होत नाही, हेही चूक. जमिनीपासून अलग ठेवला तर तोही होतो.

काही माणसांची प्रकृतीच वीज साठवणारी असते, असं जपानमध्ये अनेकजण मानतात आणि त्यावर आहार बदलायला सांगतात. याचा मला खेद वाटतो, कारण खरी कारणं हाताशी असतात: कोरडी त्वचा, रबरी तळव्याचे बूट, लोकरीवर पॉलिएस्टर. दमट दिवशी झटके कमी बसतात, कारण वस्तूंवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निघून जातो.

अशा झटक्यामागे दहा हजार व्होल्ट म्हटलं की धडकी भरते. पण शरीराची धारिता साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर साठलेली ऊर्जा फक्त ५ मिलिजूल भरते. निरोगी माणसाला तिने इजा होत नाही. तरीही ती क्षुल्लक समजू नये: पेट्रोलची वाफ एक मिलिजूलहूनही कमी ऊर्जेने पेटू शकते. जपानमध्ये १९९८पासून ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरता येतं. तिथल्या पंपांवर प्रभार काढणारी पट्टी लावलेली असते. टाकीचं झाकण उघडण्याआधी तिला उघड्या हाताने स्पर्श करायचा; हातमोजा घालून नाही.