तलावातील मासोळी आणि शहराचा नकाशा

नागपूर शहराचा विकास कोठवर आला हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने कचेरीच्या भिंतीवरील रंगीत नकाशापुढे उभे राहू नये. पहाटे उजाडण्यापूर्वी अंबाझरीच्या काठी जाऊन बसावे. आम्ही गळ टाकणाऱ्यांपैकी आहोत हे आधीच कबूल करतो. शाळेत असताना गणिताचा तास बुडवून गळाला गांडूळ लावीत बसण्याचे पाप आम्ही याच शहरात केले. पंतोजींच्या छडीचे वळ केव्हाच बुजले, गळाची सवय मात्र सुटली नाही. तेव्हा पुढील मजकुरात पक्षपात आढळला, तर तो मासोळीच्या बाजूचा आहे असे वाचकांनी खुशाल समजावे.

परवा पहाटे काठावर एक वृद्ध ढिवर भेटला. पाण्यावर जागोजागी मासे तोंड काढून हवा गिळीत होते. आम्हांला वाटले, आज नशीब उघडले! तो खिन्नपणे हसला. म्हणाला, “मासोळी वर तोंड काढू लागली का समजून जा बाप्पा, पाणी मरून राहिलं.” त्याचे म्हणणे शास्त्रास धरूनच होते. रात्रभर पाण्यातील वनस्पती आणि कुजणारी घाण प्राणवायू खात राहतात. पहाटे तो सर्वांत कमी होतो आणि मासा श्वासासाठी पृष्ठभागावर येतो. वाडीच्या बाजूने सांडपाणी येते, त्यावर जलपर्णी पोसते आणि जलपर्णी कुजली की उरलासुरला प्राणवायूही संपतो. ही परीक्षा करण्यास ढिवराला प्रयोगशाळा लागली नाही.

ज्या अंबाझरीच्या काठी आम्ही बसलो होतो, तिचे नाव जलशास्त्राच्या इतिहासाशी जोडलेले आहे, हे आमच्या नगरपित्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल? अलेक्झांडर बिनी हा इंग्रज अभियंता गेल्या शतकाच्याही आधी, 1869 ते 1872 च्या सुमारास, नागपूरच्या पाणीपुरवठ्यासाठी येथे पाऊस मोजीत होता. सुमारे 16 चौरस किलोमीटरच्या लहानशा पाणलोटात पडलेल्या पावसापैकी किती पाणी प्रत्यक्षात वाहून येते, याचे त्याने कोष्टक मांडले. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते आजही शिकतात. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातील 15 टक्के पाणी वाहते. 1000 मिलिमीटर झाला तर 38 टक्के. म्हणजे पाऊस दुप्पट झाला की वाहणारे पाणी दुप्पट होत नाही, पाचपट होते. हेही मोकळ्या मातीच्या जमिनीचे गणित. तीवर डांबर आणि काँक्रीट अंथरल्यावर काय होईल, हे सांगण्यास बिनीसाहेबाने पुन्हा जन्म घेण्याची गरज नाही.

आणि ज्या गावाने हे गणित जगाला दिले, त्याच गावात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अवघ्या काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिली, नाग नदीने काठ सोडला आणि लोक अंथरुणावरून उठून पाण्यात उभे राहिले. माणसे दगावली, संसार चिखलात गेले. सांडव्याच्या वाटेत उभारलेल्या स्मारकाचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. स्मारक ज्या महापुरुषाचे, त्याच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु पाण्यास आदर कळत नाही, त्यास उतार कळतो. सांडव्यापुढे काय बांधू नये, हे एखाद्या मासे धरणाऱ्यास विचारले असते तरी त्याने सांगितले असते. कारण पहिल्या पुरात मासा प्रवाहाविरुद्ध कोठून चढतो, यावरच त्याचे पोट अवलंबून असते.

आता काठाकडे वळू. तलावाचे ‘सौंदर्यीकरण’ करावयाचे म्हणजे काठास दगडाची वा काँक्रीटची उभी भिंत बांधावयाची, तीवर फरशी, फरशीवर दिवे, दिव्यांखाली खाद्यपदार्थांच्या गाड्या, असा एक ठरीव साचा झाला आहे. फिरावयास जाणाऱ्या मध्यमवर्गास, म्हणजे आम्हां-तुम्हांस, तो आवडतो हेही खरे. पण मरळ आपले घरटे करते ते उथळ पाण्यातील गवतात, आणि पिले मोठी होईपर्यंत तेथेच त्यांची राखण करते. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. यांचे बीज बाहेरून आणून सोडता येते. मरळीस मात्र उथळ, चिखलाचा, गवताळ काठच हवा. भिंत बांधली की तो काठ गेला, काठाबरोबर मरळ गेली. शिंगाड्याच्या वेली गेल्या, बगळे गेले. उरले ते चौकोनी हौद. घराच्या गच्चीवरील टाकीत आणि त्यात मग आकाराखेरीज भेद काय?

पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील ज्या शहरांचे अहवाल लिहिले, त्यांत नागपूरही होते. मलेरियाच्या भीतीने तळी बुजविण्याचा सपाटा तेव्हा सर्वत्र चालला होता. गेडिसचा आग्रह असे की तळी बुजवू नका, साफ करा; त्यांत मासे सोडा, बदके सोडा, डासांच्या अळ्या ती खातील. मासोळीला त्याने नगररचनेत जागा दिली. आम्ही लेंडी तलाव अतिक्रमणांनी आकुंचित होऊ दिला, आणि फुटाळ्यावर तरंगते संगीत कारंजे व प्रेक्षकांसाठी सज्जा उभारला.

त्या फुटाळ्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये निकाल लागला की, हा भोसलेकालीन तलाव मानवनिर्मित असल्यामुळे 2017 च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांच्या व्याख्येत तो बसत नाही. न्यायालयाने त्याबरोबरच हेही म्हटले की, मानवनिर्मित जलाशयदेखील शासनाने जनतेच्या वतीने सांभाळावयाची ठेव होय. निर्णय शिरोधार्य आहे. शंका एवढीच की, पहिले वाक्य आमच्या कचेऱ्यांत मोठ्या आवाजात वाचले जाईल आणि दुसरे हळू. नागपूरचे बहुतेक तलाव मानवनिर्मितच. शुक्रवारी, अंबाझरी, सक्करदरा, नाईक, कोणाचेही नाव घ्या. माणसाने खणले म्हणून मासा त्यात कमी जिवंत असतो काय?

कोणी म्हणेल, लाखो माणसांच्या शहरास चार ढिवरांच्या जाळ्यासाठी रस्ते थांबविता येत नाहीत. रस्ते थांबवा असे आम्ही म्हणतच नाही. तलावाचा काठ बांधण्याचा प्रस्ताव निघाला की ठेकेदाराचा नकाशा प्रथम ढिवरांच्या सहकारी संस्थेपुढे ठेवावा, त्यांच्याकडून उथळ काठ व पाणी येण्याच्या वाटा त्यावर खुणा करून घ्याव्यात, आणि मगच निविदा काढावी, एवढीच आमची सूचना आहे. शास्त्रीय सल्ला हवा असेल तर मत्स्यविज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीसच आहे. फुटाळ्याच्या काठावरून तेथे चालत जाता येते.