दुबळ्या गड्याचा डाव

ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेत झालेल्या ‘द बिग हाउस १०’ या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत मासाया चिकामोतो हा जपानी खेळाडू विजेता ठरला. खेळ होता निन्टेन्डोचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’, २००१ साली आलेला. चिकामोतो ज्या पात्राच्या जोरावर जिंकला, तो योशी नावाचा छोटा डायनासोर. खेळातल्या २६ पात्रांमध्ये योशी बरीच वर्षं खालच्या फळीत मोजला जात होता आणि मोठ्या स्पर्धांमध्ये त्याला हात लावणारे फार थोडे होते. जुन्या गेमला इंटरनेटवरून सुधारणा मिळत नाहीत. त्यामुळे २००१च्या तबकडीत जो योशी होता, तोच २०२२मध्ये जिंकला. एकवीस वर्षांत त्याच्या अंगात ताकद वाढली नव्हती, वाढली होती ती त्याच्याविषयीची माहिती.

लढतीच्या गेममध्ये कोणतं पात्र तगडं आणि कोणतं दुबळं, याची क्रमवारी खेळाडू स्वतःच लावतात. तिला ‘टिअर लिस्ट’ म्हणतात. अधूनमधून कुणाला तरी तळाच्या पात्राचा एखादा न पाहिलेला डाव सापडतो आणि ही यादी हलते. असे डाव कसे सापडतात, आणि इतकी वर्षं ते लपून कसे राहतात, हा प्रश्न करमणुकीपेक्षा विज्ञानाच्या जास्त जवळचा आहे.

न चाळलेला ढिगारा

लढतीचा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि ती साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. खेळाडूचा प्रत्येक हुकूम फ्रेमच्या हिशेबाने मोजला जातो. ‘स्ट्रीट फायटर २’सारख्या गेममध्ये दांडीच्या आठ दिशा आणि मधली जागा मिळून नऊ स्थिती होतात. सहा बटणं दाबलेली किंवा सोडलेली असण्याच्या ६४ शक्यता असतात. म्हणजे एका फ्रेममध्ये ५७६ वेगवेगळे हुकूम देता येतात. सलग दहा फ्रेमचा, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याचा हिशेब मांडला, तर हुकमांच्या क्रमांची संख्या चारावर सत्तावीस शून्यं इतकी होते. त्यातले बहुतेक क्रम निरुपयोगी असतात. तरीही सगळे तपासून पाहणं गेम बनवणाऱ्यांनाही शक्य नसतं.

याचा पुरावा या खेळप्रकाराच्या मुळाशीच आहे. १९९१मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ तयार होत असताना कॅपकॉमचे निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं, की मोटार फोडण्याच्या बोनस फेरीत एका ठोशाला जोडून दुसरा ठोसा लावता येतो. ही जोडणी कुणी मुद्दाम रचलेली नव्हती. ती वेळेत साधणं फार अवघड आहे, खेळाडूंना तिचा उपयोग होणार नाही, असं वाटून ती तशीच ठेवली गेली. पुढे तीच ‘कॉम्बो’ नावाने साऱ्या लढतीच्या गेमचा कणा बनली.

एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यात माणसं शोधतात कुठे? जिथे आधी काही सापडलं आहे तिथेच. १९९८मध्ये प्लेस्टेशनवर आलेला ‘टेकन ३’ आपल्याकडच्या लहान शहरांतल्या गेम पार्लरमध्ये खेळलेल्यांना त्यातलं एडी हे पात्र आठवत असेल. नुसती लाथांची बटणं दाबत सुटलं तरी तो जिंकून द्यायचा, म्हणून ज्याला त्याला एडीच हवा असायचा. जिंकून देणारं पात्र जास्त हातांत जातं, म्हणून त्याचे डाव जास्त सापडतात, म्हणून ते आणखी जिंकतं. दुबळ्या पात्राचं नेमकं उलटं होतं. हातात आहे ते वापरावं, की नवं काही धुंडाळावं, हा पेच निर्णयशास्त्रात फार अभ्यासला गेला आहे. सगळ्यांनी फक्त वापरत राहायचं ठरवलं, तर पहिली समजूतच कायमची खरी वाटू लागते.

उणीव आणि डाव, दोन्हींचं मूळ एक

सापडलेल्या डावांकडे बारकाईने पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. पात्राला दुबळं करणारा गुणधर्मच पुष्कळदा त्याच्या नव्या डावाचं मूळ असतो.

‘मेले’मधला लुईजी घ्या. त्याच्या पायांचं जमिनीशी होणारं घर्षण सगळ्या पात्रांत कमी ठेवलेलं आहे. ढालीवर फटका झेलला की तो लांब मागे घसरतो आणि उलटा वार करण्याची संधी हुकते. ही झाली उणीव. खेळाडूंना मात्र ‘वेव्हडॅश’ गवसला. उडी घेताच हवेतली हुलकावणी तिरपी जमिनीत मारायची. आडवा वेग शिल्लक राहतो आणि पात्र उभ्या उभ्या घसरत जातं. घसरताना ते वार करायला मोकळं असतं. हा डाव इतरांनाही येतो, पण घर्षण जितकं कमी तितकं अंतर जास्त. त्यामुळे सगळ्यांत लांब घसरतो तो लुईजी.

योशीचंही तसंच आहे. इतर पात्रं ढालीतून थेट उडी मारू शकतात, योशीला ते जमत नाही, कारण त्याची अंड्याच्या आकाराची ढाल मुळातच वेगळ्या नियमांनी चालते. त्याच वेगळ्या नियमांत एक खिडकी आहे. ढाल उघडण्याच्या सुरुवातीच्या मोजक्या फ्रेममध्ये फटका आला, तर योशी क्षणभरही जखडून पडत नाही, लगेच उलटा वार करू शकतो. भरीस भर म्हणजे दुसऱ्या उडीत असताना तो ठरावीक मर्यादेपर्यंतचा धक्का पचवतो. हे दोन्ही गुण पहिल्या दिवसापासून त्याच्यात होते. चिकामोतोने वर्षानुवर्षं मेहनत करून ते भर स्पर्धेत, दडपणाखाली, पुन्हा पुन्हा वापरता येतील इतके हातात बसवले.

नवा डाव समोरच्याच्या मेंदूवरही भार टाकतो. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. ‘टेकन’मधला वेगवान ठोसा दहाव्या फ्रेमलाच लागतो. म्हणून बचाव बराचसा अंदाजावर चालतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२मध्ये दाखवलं, की समोरच्या शक्यता वाढल्या की प्रतिसादाचा वेळही वाढतो. दुबळ्या पात्राला एक नवा वार मिळाला, की प्रतिस्पर्ध्याला आणखी एका शक्यतेवर लक्ष ठेवावं लागतं आणि त्या पात्राचे जुने वारही जास्त लागू पडतात.

हेलसिंकीचा धडा

हीच गोष्ट कुस्तीतही दिसते. त्याच १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंगाने लहानखुऱ्या खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक, प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्याला फेकण्याचा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले होते. मातीतल्या या मल्लाला तेव्हा मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. चार वर्षांत त्यांनी ते नियम समजून घेतले आणि हातातला डाव त्यांत बसवला. डावाची किंमत डावात जेवढी असते तेवढीच ती नियमांतही असते, हे आखाड्याला फार आधीपासून ठाऊक आहे. प्रत्येक डावाला तोड असते, हेही. गेममध्येही नवा डाव पसरला की काही आठवड्यांत त्यावरची तोड निघते, मग त्या तोडीवरचा डाव. यादी स्थिर राहत नाही ती यामुळे.

प्रत्येक दुबळ्याचं नशीब उघडतंच असं मात्र नाही. ‘मेले’मधले बाउझर आणि कर्बी दोन दशकांच्या धडपडीनंतरही तळाशीच आहेत. पण ते तळाशी आहेत हे आज आपण खात्रीने म्हणू शकतो, कारण लोकांनी त्यांनाही कसून तपासलं. न तपासता दिलेला निकाल आणि तपासून दिलेला निकाल यांतला फरक मोठा आहे.

हिंगोलीसारख्या लहान शहरातून हे शोधकाम करता येईल का?

येईल, आणि त्यासाठी महानगरात राहावं लागत नाही. २०१९मध्ये लाहोरच्या अर्सलान सिद्दीक, म्हणजेच अर्सलान अॅश, या खेळाडूने ‘टेकन ७’मध्ये जपानची आणि लास व्हेगासची अशा दोन्ही ‘एव्हो’ स्पर्धा जिंकल्या. जपान, कोरिया, अमेरिका या खेळाच्या मुख्य केंद्रांपासून दूर, आपसांत खेळत तिथल्या मुलांनी आपलं ज्ञान वाढवलं होतं. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं आहे.

पद्धत साधी आहे. गेमच्या सरावकक्षात पुतळ्यासारखा प्रतिस्पर्धी उभा करायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अंतर किंवा वेळ किंवा बटण. मोबाइलवर सेकंदाला ६० चित्रांनी चित्रण करून फ्रेम मोजायच्या. वहीत तारीख घालून लिहायचं, फसलेले प्रयत्नसुद्धा. आणि शेवटी तोच डाव दुसऱ्या गावातल्या मित्राला, त्याच्या यंत्रावर, फक्त लिहिलेल्या सूचनांवरून करायला सांगायचं. त्याला जमला तरच तो सापडला म्हणायचा.

ही शेवटची अट हिंगोली जिल्ह्याला परकी नाही. औंढा नागनाथ तालुक्यात चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा होते आहे. १४ सप्टेंबर २०१५ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली गेली, तेव्हा ती अमेरिकेतल्या सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांमध्ये ७ मिलिसेकंदांच्या फरकाने नोंदली गेली. म्हणजे गेमच्या अर्ध्या फ्रेमहूनही कमी वेळात. एकाच ठिकाणी दिसलेल्या खुणेवर कुणी एवढा विश्वास ठेवला नसता. वसमत, कळमनुरी, सेनगावच्या शाळांमधली मुलं आपल्या गेममधला डाव या कसोटीवर घासून पाहतील, तर ती त्या वेधशाळेचीच शिस्त शिकत असतील.

म्हणून मुलांच्या हातातल्या गेमकडे नुसती वेळखाऊ गोष्ट म्हणून पाहू नये. कुणी टाकून दिलेलं पात्र निवडून ‘याच्यात अजून काय आहे?’ असं विचारत असेल, तर त्याला वही आणून द्यावी. क्रमवारी ही आजवर झालेल्या खेळाची नोंद असते. पुढे काय शक्य आहे, हे तिला विचारून कळत नाही. ते करून पाहावं लागतं.